दापोलीतलं जमीन खरेदी-विक्रीचं ऑफिस : कागदांना ५ पैकी ५, भावाला १

नाव लिहीत नाही, एक तर आमचा एक फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद) अजून त्यांच्याकडून व्हायचाय आणि दुसरं म्हणजे दापोलीत अशी ऑफिसं आता दर दोन टपऱ्यांमागे एक झालीयत, तुम्ही ज्यात शिराल ते साधारण असंच असेल. टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर, लोखंडी जिना, जिन्याला कठडा एकाच बाजूला. आत एसी, काचेचं टेबल, भिंतीवर समुद्राचा एवढा मोठा फोटो की वाटावं हर्णै बंदर ह्यांनीच बांधलंय.

आम्ही काय म्हणून गेलो ते आधी सांगते म्हणजे रिव्ह्यू वाचताना अर्थ लागेल. हर्णैच्या अलीकडे आत वाडीत आमची १८ गुंठे बागायत, सामाईक सातबारा, आमचे हे आणि दोन दीर. मोठे भावजी डोंबिवलीला, धाकटे विरारला, आम्ही गावातच, मी घरगुती खानावळ चालवते आणि दोन खोल्या पर्यटकांना देते. मोठ्या भावजींच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांची जागा वन आरके, त्यामुळे त्यांना त्यांचे ६ गुंठे मोकळे करून हवे होते. भांडण वगैरे काही नाही, मागणी रास्तच होती. पण किती पैसे द्यायचे ते कोणाला माहीत नव्हतं म्हणून आम्ही भाव काढायला ह्या ऑफिसात गेलो आणि तिथून सात महिने जे काय झालं ते झालं.

पहिल्या दिवसाला मी पाच स्टार दिले असते खरं. चहा आला, खारी आली, वहिनी बसा वहिनी बसा, आणि त्या मुलाने लॅपटॉपवर आमच्या वाडीचा ड्रोन व्हिडिओ लावला. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली पण मी आमची वाडी वरून कधी बघितली नव्हती, आमच्या विहिरीशेजारी वाळत घातलेली माझी हिरवी साडी दिसत होती त्यात! मग त्याने कॅल्क्युलेटर घेतला आणि म्हणाला वहिनी तुमच्याकडे रेट चाललाय साडेचार लाख गुंठा, अठरा गुणिले साडेचार, एक्क्याऐंशी लाख. अभिनंदन म्हणाला. हात पुढे केला मिळवायला, ह्यांनी मिळवलाही.

घरी येताना गाडीत आम्ही दोघं गप्प. एक्क्याऐंशी लाख. त्याच संध्याकाळी गॅस संपला होता आणि दुसरा सिलिंडर मंगळवारी येणार होता त्यामुळे रात्रीच्या गिऱ्हाइकांचं मी चुलीवर केलं, डोळ्यांतून पाणी काढत. एक्क्याऐंशी लाखाची मालकीण फुंकणी घेऊन बसलीय.

आणि रात्री पडल्या पडल्या ध्यानात आलं की एक्क्याऐंशीतले सत्तावीस तर भावजींचे. म्हणजे आपल्याला जमीन ठेवायची असेल तर आपण त्यांना सत्तावीस लाख द्यायचे. सकाळपर्यंत आमच्यावर एका पैशाचं कर्ज नव्हतं, भाव कळला आणि सत्तावीस लाख अंगावर आले. हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं. सगळे म्हणतात जागेचे भाव वाढले, कोकणातले लोक मालामाल झाले. पण जो विकून निघून जाणार त्याचा तो भाव, जो राहणार त्याने तो भरायचा. २००४ला आमच्याकडे गुंठा पंधरा हजाराला जात होता, सहा गुंठे नव्वद हजार, तेव्हा भावजींनी मागितले असते तर दोन हंगामांच्या आंब्यात फिटले असते. तेव्हा कोणी मागितलं नाही कारण तेव्हा कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

ऑफिसवाल्याचं म्हणणं मात्र वेगळं. पुढच्या भेटीत त्याने सरळ विचारलं, वहिनी बागेतून वर्षाला सुटतात किती? मी खरं सांगितलं, फवारणी राखण सगळं जाऊन आंबा सुपारी मिळून साठ-पासष्ट हजार. मग म्हणे सगळंच विका, एक्क्याऐंशी लाख सात टक्क्यांनी एफडीत टाका, साडेपाच लाखाच्या वर व्याज येईल, हात मळवायची गरज नाही. हिशेब चुकीचा नव्हता. मला उत्तर देता येईना. पण मग माझ्या मनात आलं की हा हिशेब घेणाऱ्याला येत नाही का? पुण्याचा माणूस एक्क्याऐंशी लाख घालून पासष्ट हजाराचं उत्पन्न का घेतोय? तो आंब्यासाठी घेतच नाहीये. तो घेतोय कारण त्याला वाटतंय तीन वर्षांनी दुसरा कोणीतरी सहा लाखाने घेईल, आणि तो दुसरा घेईल कारण त्याला तिसऱ्याची खात्री. ह्यात आमची कलमं कुठेच नाहीत.

कलमांवरून सासूबाईंचं सांगायलाच हवं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं ते दापोली-मंडणगडवाल्यांना सांगायला नको. आमची अकरा कलमं होती, चार मुळासकट गेली, पोफळी तर काडेपेटी उपडी केल्यासारख्या पडल्या. आधी पंचावन्न-साठ पेट्या व्हायच्या, आता तीस झाल्या तरी खूप. आणि भाव कधी वाढला? त्याच्यानंतरच! लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं, शहरातल्या लोकांना मोकळी हवा आठवली. माझा भाचा बँकेत आहे तो म्हणतो की मावशी, २०२०च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आणला आणि दोन वर्षं तिथेच ठेवला, कर्ज स्वस्त, एफडीला व्याज नाही, मग ज्यांच्याकडे पैसा पडून होता त्यांनी तो शेअरमध्ये टाकला नाहीतर जागेत टाकला. म्हणजे झाडं पडली आणि भाव चढला. ऑफिसवाला मोजणीच्या दिवशी घरी आला तेव्हा सासूबाईंना म्हणाला आजी तुमची मालमत्ता पाच वर्षांत तिप्पट झाली. सासूबाई सुपाऱ्या सोलत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "कलमा होती अकरा, ऱ्हायली सात. आणि तू म्हणतोस वाढली. खंयच्या शाळेत गेलास रे तू?" त्याने चहा संपवला आणि मोजणी चालू होती तिकडे निघून गेला.

आता सर्व्हिसमधला मोठा दोष. साडेचार लाखाचा जो रेट सांगितला तो कुठून आला हे त्याने स्वतःहून सांगितलं नाही, मी चार वेळा विचारल्यावर निघालं. वाडीच्या तोंडाला, डांबरी रस्त्याला लागून, एकाने जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, करून प्लॉट पाडले, त्यातला ३ गुंठ्यांचा एक प्लॉट साडेचारने गेला. बस. एक प्लॉट. साडेतेरा लाखाचा व्यवहार. त्याच्यावरून आमच्या वाडीतल्या चारशे गुंठ्यांचा भाव साडेचार लाख ठरला, म्हणजे साडेतेरा लाख इकडून तिकडे गेले आणि अख्खी वाडी अठरा कोटींची झाली! आणि आम्ही सगळे खरंच तसं वागायला लागलो होतो हो, शेजारच्या काकांनी त्या जोरावर मुलाला बुलेट घेऊन दिली, हप्त्यावर. उद्या चारशेच्या चारशे गुंठे विकायला काढले तर साडेचारने घेणारे कुठून आणणार, चाळीस गुंठे एकदम निघाले तरी भाव बसेल.

शिवाय एनए प्लॉट आणि शेती ह्यात फरक आहे की नाही? शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकत घेताच येत नाही आपल्याकडे कूळकायद्याने, आणि तुकडेबंदी आहे, बागायत १० गुंठ्यांच्या खाली तोडून विकता येत नाही. आमच्या जागेला तर गाडीरस्ताही नाही, पाखाडी आहे, डोक्यावरून पेट्या न्याव्या लागतात. चार महिन्यांत जी खरी दोन गिऱ्हाइकं आली त्यातल्या जास्तीवाल्याने गुंठ्याला दोन लाख चाळीस हजार सांगितले. म्हणजे त्रेचाळीस लाख वीस हजार. एक्क्याऐंशीतले जवळपास अडतीस लाख चहा पिता पिता गेले. आम्हाला दुःख करायलाही जमेना कारण ते कधी आमच्याकडे नव्हतेच. मोठ्या भावजींना मात्र खूप लागलं कारण त्यांनी सत्तावीस धरून डोंबिवलीत वन बीएचके बघून ठेवला होता, आणि खरं तर सत्तावीस आले असते तरी पुरले नसते, कारण इथला गुंठा चढला तसे तिथले फ्लॅटही चढलेच ना, थांबून राहिले नाहीत. गावचं महाग विकून मुंबईचं महाग घ्यायचं, मधल्यामधे दोन टक्के ऑफिसवाल्याचे. दोन टक्के दोन्हीकडून घेतात बरं का, हे आधी विचारून घ्या.

भाच्याने ह्यावरून एक गंमत सांगितली. म्हणे जागेचा भाव वाढला तर ती वाढ देशाच्या जीडीपीत धरतच नाहीत, कारण नवीन काही तयार झालेलं नसतं, तीच जमीन तेच दगड. पण एजंटचं कमिशन धरतात, ती सेवा आहे. म्हणजे ह्या सगळ्या अठरा कोटींच्या प्रकरणात देशाच्या हिशेबाने नवीन पिकलं काय तर ते दोन टक्के.

दुसरा दोष कराचा. तो सारखा म्हणत होता एनए करून विका, रेट दुप्पट. हे नाही सांगितलं की गावातली शेतजमीन नगरपंचायतीच्या हद्दीपासून लांब असेल, दापोलीएवढ्या वस्तीच्या गावाला ते अंतर २ किलोमीटर धरतात, तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. एनए केली की लागतो, २३ जुलै २०२४पासून साडेबारा टक्के, आणि आधीची जमीन असेल तर हवं तर इंडेक्सेशन लावून, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून, वीस. हे मला सीएने सांगितलं, तेही दुसऱ्याच कामाला गेले होते तेव्हा. ज्याला अठरा गुणिले साडेचार पटकन येतं त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आणि ब्रोशर! 'होणाऱ्या सागरी महामार्गापासून ५ मिनिटं.' होणाऱ्या. आज किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना बाणकोटची खाडी ओलांडायची तर वेसवीला जाऊन फेरीबोटीतच गाडी घालावी लागते. रस्ता होईल तेव्हा होईल, तो होणार सगळ्यांच्या कराच्या पैशातून, म्हणजे माझ्याकडे भाकऱ्या थापायला येते तिच्याही, ती साबण घेते तेव्हा जीएसटी भरतेच की. पण रस्त्याने जो भाव चढणार तो रस्त्याकडेच्या मालकाचा. आताच चढलाय, खडी पडायच्या आधी.

तिचं इथे लिहिते कारण रिव्ह्यूत तिचं कोणी लिहिणार नाही, ती ह्या ऑफिसची गिऱ्हाईकच नाही. तिच्या नवऱ्याला गवंड्याच्या हाताखाली सहाशे रुपये मिळतात. त्यांना स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधायला दोन गुंठे हवेत, इथेच, मुलं इथल्या शाळेत आहेत. एकदा भाकऱ्या करताना तिनेच हिशेब मांडला, मी नाही. म्हणाली वैनी, आमचं लग्न झालं तेव्हा ह्यांना दिवसाला शंभर मिळायचे आणि गुंठा पंधरा हजार, दीडशे दिवस काम केलं की गुंठा. आता सहाशे मिळतात आणि गुंठा साडेचार लाख. साडेसातशे दिवस. मजुरी सहापट झाली तरी गुंठा तिच्यापासून पाचपट लांब गेला. तवा तापला होता म्हणून तिने पुढची भाकरी टाकली आणि बोलणं तिथेच राहिलं. आणि मी जी गप्प बसले ती मनात हे येऊन की आम्ही विकली असती तर त्याच साडेचारच्या आशेने विकली असती. तिला भाड्याने खोलीही मिळत नाही आता, सगळ्यांनी होमस्टे केले, माझ्याच दोन खोल्या आहेत की, त्यांचे शनिवार-रविवारचे मला जे मिळतात ते तिला महिन्याला परवडणार नाहीत. असो.

आता चांगलं. पाच स्टार कशाला दिले ते. ऑफिसच्या आतल्या खोलीत, जिथे एसी नाही, तिथे एक रिटायर्ड तलाठी बसतात, सगळे अप्पा म्हणतात. कोणी त्यांच्याशी ओळख करून देत नाही, तुम्हीच आत जायचं. आमचा सातबारा, आठ अ, जुने फेरफार सगळं त्यांनी पंचावन्न सालापर्यंत मागे जाऊन लावून दिलं. आजेसासऱ्यांच्या भावाचं नाव अजून सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात लटकत होतं ते त्यांनीच शोधलं, तो माणूस निपुत्रिक वारला होता, त्याचा दाखला कुठून काढायचा तेही सांगितलं. भूमी अभिलेखची मोजणी दोनदा पुढे गेली होती ती तिसऱ्यांदा वेळेवर झाली. हे काम पैसे देऊनही चांगलं मिळत नाही कुठे.

नणंदेचा विषयही त्यांनीच नीट हाताळला. माझ्या नणंदेने २०१२ला हक्कसोड, म्हणजे आपला वाटा सोडल्याचं पत्र, करून दिलं होतं. मुलीला मुलाएवढाच वाटा हे २००५ला कायद्याने झालंय पण तेव्हा गुंठ्याला कोण विचारत होतं, भाऊ म्हणाले सही कर, तिने केली, मी तिला एक साडी आणि दोन पेट्या आंबे दिले. पैठणी नाही हां, साधी नारायणपेठी. आता तिचा मुलगा आला आणि म्हणतो आईने तेव्हा किती घेतले? एक्क्याऐंशी लाखाची बातमी ठाण्यापर्यंत पोचली होती, दोन लाख चाळीसची नाही पोचली. अप्पांनी त्याला समोर बसवून नोंदणी झालेलं हक्कसोड दाखवलं, कायद्याने आता काही निघत नाही हे सांगितलं, आणि मग तो गेल्यावर आमच्या ह्यांना म्हणाले, कायद्याने निघत नाही, पण तुम्हाला जे वाटेल ते बघा. आम्ही अजून बघतोय. ती साडी तिने कधी नेसलेली मला आठवत नाही.

शेवटचा मार्गही अप्पांनीच काढला. म्हणाले बाहेरच्याला सहा गुंठे विकता येत नाहीत, एनएच्या नादाला लागू नका, भावाभावातच व्यवहार करा, खरा जो भाव आलाय तो धरा. सहा गुणिले दोन चाळीस, चौदा लाख चाळीस हजार, त्यातले चाळीस हजार भावजींनी सोडले, चौदा लाख, तीन हप्त्यांत, भावजींनी हक्क सोडायचा. त्यात ऑफिसला दोन टक्के मिळणार नव्हते, फक्त कागदांचे सहा हजार. पुढच्या खोलीतला मुलगा दोन दिवस आमच्याशी नीट बोलला नाही. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी वेगळी.

पहिला हप्ता कसा भरला ते सांगितलं तर माझ्या वरच्या सगळ्या बोलण्याला थोडा तडा जातो पण सांगते. माझ्या पाटल्या, मोहनमाळ धरून सहा तोळे. २००५ला लग्नात साधारण सात हजार तोळ्याने बेचाळीस हजारात बसले होते. २०२५च्या एप्रिलमध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं. बँकेने बावीस कॅरेटचा भाव धरून, त्याच्या पंच्याहत्तर टक्क्यांच्या आत, चार लाख दिले अर्ध्या तासात. म्हणजे सोन्याचा भाव वाढला म्हणून जमिनीच्या वाढलेल्या भावाचा हप्ता भरता आला. ज्या बाईकडे पाटल्या नाहीत तिने काय करायचं ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि मुलगी अकरावीत आहे, तिच्या लग्नात हेच सहा तोळे घालायचेत, तेव्हा ते लाखाचे असोत की दोन लाखाचे, सहा म्हणजे सहाच. दोन वर्षांत सोडवायचेत. भाडं, खानावळ, आंबा सगळं तिकडेच चाललंय.

तर कोणी जावं. सातबारा साफ करायचा असेल, वारस नोंद, हक्कसोड, मोजणी, तर डोळे मिटून जा, पण थेट आतल्या खोलीत. भाव विचारायला जाऊ नका, गेलात तर तो भाव कुठल्या प्लॉटचा, एनए की शेती, रस्ता आहे की पाखाडी, आणि त्या भावाने खरोखर किती गुंठे विकले गेले हे चारही विचारा, लेखी मागा. टोकन कोणी देत असेल तर घाईने घेऊ नका. कमिशन आधी लिहून घ्या. अप्पा दुपारी दोन ते चार झोपतात, ऑफिसातच, बाकावर, तेव्हा चारनंतर जा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्सच द्या, आमचा एक जुना फेरफार तीन आठवडे सापडत नव्हता आणि शेवटी ड्रोनच्या खोक्यात मिळाला. मोजणीच्या दिवशी त्यांची माणसं म्हणतात तीन पण येतात सात, चहा-नाश्ता तुमच्याकडे, पोहे करणार असाल तर किलोभर भिजवा.